सर्वांदेखत

नाटकात काय दाखवू नये याची एक यादी भरतमुनींनी नाट्यशास्त्रात दिली आहे. शय्येवरील प्रसंग, चुंबन, आलिंगन आणि लज्जा उत्पन्न करणारी अशीच इतर कृत्ये रंगभूमीवर आणू नयेत, असे मुनींचे सांगणे आहे. निषेधांच्या याद्या सर्वच काळी आणि सर्वच देशी आढळतात, तेव्हा यादीचे नवल वाटावयास नको. नवल आहे ते मुनींनी दिलेल्या कारणाचे. ही कृत्ये पापमूलक आहेत असे ते म्हणत नाहीत. ती पाहून प्रेक्षकांची मती भ्रष्ट होईल असेही म्हणत नाहीत. नाटक हे बाप आणि मुलगा, सासू आणि सून अशी सारी मंडळी एकत्र बसून पाहतात, म्हणून या गोष्टी टाळलेल्या बऱ्या, एवढेच त्यांचे म्हणणे. म्हणजे निषेधाचे मूळ कृत्यात नाही. पाहणाऱ्याच्या शेजारी कोण बसले आहे यात आहे.

आपल्या साहित्यशास्त्राने काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद केले, त्यांचेही मर्म पुष्कळसे येथेच सापडते. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात कालिदासाने दुष्यंत-शकुंतलेस अगदी निकट आणले, परंतु नेमक्या क्षणी गौतमीचे आगमन योजून राजास आडोशास धाडले. तोच कालिदास कुमारसंभवाच्या आठव्या सर्गात शिवपार्वतींचे मीलन संकोच न करिता वर्णितो, कारण ते काव्य रसिकाने आपले आपण आस्वादावयाचे. (मम्मटास असला प्रकार रुचला नाही, ती गोष्ट निराळी. जगाच्या मातापित्यांचा शृंगार वर्णिणे त्यास अनुचित वाटले.) मॅट्रिक झाल्यावर मी पाठशाळेत कुमारसंभव वाचले, तेव्हा आमच्या गुरुजींनी सातव्या सर्गाशी पुस्तक मिटले आणि "पुढचे तुमचे तुम्ही पाहा" म्हणून सांगितले. आम्ही नऊ विद्यार्थी होतो. श्रव्य काव्यदेखील नऊ जणांत मोठ्याने वाचू लागले की दृश्यासारखे होते, हे त्यांस ठाऊक होते.

हे शास्त्र मला पाठशाळेत जितके कळले त्याहून अधिक दूरदर्शनच्या संचासमोर कळले. आपल्या देशात दूरदर्शन १९५९ साली दिल्लीस सुरू झाले. मुंबईस १९७२ च्या २ ऑक्टोबर रोजी केंद्र निघाले. आमच्या कृष्णाकाठच्या गावी ते १९८४ च्या सुमारास आले. त्या वेळी आम्ही घरात अकरा माणसे आणि संच एक. तो दिवाणखान्यात ठेवावा की माजघरात यावर चार दिवस वाद झाला. अखेर स्वयंपाकघरातून ये-जा करिता करिता बायकांनाही पाहता यावे म्हणून माजघराचा पक्ष विजयी झाला. मध्ये आई, तिच्या मागे काका आणि आम्ही भाऊ, दाराशी सुना, पुढ्यात मुले. मुनींनी सांगितलेला प्रेक्षकवर्ग असा तंतोतंत बसलेला मी रोज पाहत असे. हळूहळू ध्यानात येऊ लागले की, पडद्यावर येणाऱ्या गोष्टींचे प्रकार आहेत आणि स्त्रीपुरुषसंबंधाविषयी बोलण्याची प्रत्येक प्रकाराची रीत निराळी आहे. पौराणिक मालिकेस जे चालते ते कौटुंबिक मालिकेस चालत नाही. जाहिरातीस जे सांगता येते ते बातम्यांस येत नाही. आणि विषय ज्या रीतीने माजघरात शिरतो त्याच रीतीने पुढे घरातील माणसे त्यावर बोलतात, किंवा बोलण्याचे टाळतात.

जाहिरातीपासून आरंभ करू. सरकारने १९६८ साली संततिनियमनाचे पुरुषांचे साधन अल्प किमतीत लोकांपर्यंत पोहोचविले, त्यास नाव दिले 'निरोध'. पतंजलींनी योगाच्या व्याख्येत वापरलेला हा शब्द. ज्या कोणा अधिकाऱ्यास तो सुचला त्याचे संस्कृत चांगले असले पाहिजे, परंतु त्याने आम्हां संस्कृत शिक्षकांचा विचार केला नाही. आधी भिंतींवरून, मग आकाशवाणीवरून आणि शेवटी दूरदर्शनवरून तो शब्द घरोघर पोहोचला. एकदा दहावीच्या वर्गात मी चित्तवृत्तींच्या निरोधाविषयी बोलू लागलो तो मागच्या बाकावरून हसण्याची लाट उठली आणि मुलींच्या बाजूस माना खाली गेल्या. मी खडू ठेवून 'रुध्' धातू फळ्यावर लिहिला, त्याची रूपे चालविली, 'निरोध', 'विरोध', 'अवरोध', 'अनुरोध' अशी त्याची भावंडे मांडली, आणि त्या साधनासही हे नाव का शोभते तेही सांगून टाकले. वर्ग शांत झाला. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील शाळेत आले. त्यांचे म्हणणे असे की, जाहिरात लागली म्हणजे आम्ही घरी आवाज कमी करितो आणि मास्तरांनी तेच मोठ्याने सांगावे हे काय? त्या गृहस्थांचे मला फार हसू आले नाही. आवाज कमी केलेली जाहिरात मुलास काय शिकविते याचा मात्र मी पुष्कळ विचार केला. शब्द कळतो, अर्थ कळत नाही, आणि हे काहीतरी आई-वडिलांस घाबरविणारे आहे एवढे पक्के होते.

पुढे १९९१ साली एका खासगी कारखानदाराने त्याच वस्तूस वात्स्यायनाच्या ग्रंथाचे नाव दिले. सरकारचा शब्द आवरण्याचा, व्यापाऱ्याचा शब्द उपभोगाचा. तेवीस वर्षांत देशाचे मन कसे पालटले याचा इतिहास कोणास लिहावयाचा असेल तर या दोन संस्कृत शब्दांवरून लिहिता येईल. जाहिरातींचे रूपही तसेच पालटले. पूर्वी त्यांत डॉक्टर आणि दोन मुले असत, नंतर त्यांत तरुण-तरुणी आणि मंद दिवे आले. तेव्हा २०१७ च्या डिसेंबरात माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांस सांगितले की, या साधनाच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ एवढ्याच वेळात दाखवाव्या. ओरड झाल्यावर, ज्या जाहिराती अश्लील नाहीत त्यांस हे लागू नाही, असा खुलासा त्याच महिन्यात करण्यात आला. वाचक हो, व्यापाऱ्याने मंद दिवे लावले म्हणून डॉक्टरासही रात्री दहानंतर बसविण्याचा तो बेत होता!

मालिकांचा प्रकार याहून गहन. 'हम लोग' ही मालिका ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि १९८५ च्या डिसेंबरापर्यंत चालली. तिची कुळकथा मनोरंजक आहे. मिगेल साबिदो नावाच्या मेक्सिकोतील निर्मात्याने कुटुंबनियोजनाचा प्रचार कौटुंबिक मालिकांतून करून दाखविला होता. त्या वेळचे आपले माहिती व प्रसारण मंत्री वसंतराव साठे मेक्सिकोस गेले असता त्यांनी ही कल्पना उचलली आणि मनोहर श्याम जोशी यांजकडून मालिका लिहविली. आरंभीच्या भागांत संततिनियमनाचा उपदेश इतका उघड होता की प्रेक्षक कंटाळले. तेव्हा तेरा-एक भागांनंतर उपदेश पातळ करून गोष्ट दाट करण्यात आली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगत. आमची आई त्यांस नमस्कार करीत नसे एवढेच.

त्या मालिकेतील आई भागवंती ही सोसणारी, नवऱ्याची दारू आणि सासूचे बोलणे निमूटपणे गिळणारी. असे राहू नये, हे दाखविण्याकरिता ती पात्रयोजना होती. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी पुढे प्रेक्षकांची पाहणी केली, तेव्हा आढळले की पुष्कळ स्त्रियांनी भागवंतीलाच आदर्श मानले होते. योजणाराचा हेतू एकीकडे आणि फळ दुसरीकडे! आमच्या घरीही यापेक्षा निराळे घडले नाही. काकू पदराने डोळे टिपीत म्हणत, "बाई असावी तर अशी." कौटुंबिक मालिका हा प्रकारच असा आहे की त्यात सोसणाराचे दुःख जवळून आणि सावकाश दाखवावे लागते, आणि जे जवळून आणि सावकाश दिसते त्यावर माणसाचे प्रेम बसते. उपदेश शेवटच्या मिनिटात येतो, त्याच्या आधीच मन कौल देऊन बसलेले असते.

पौराणिक मालिकांस मात्र सर्व मुभा होती. 'महाभारत' १९८८ च्या २ ऑक्टोबरपासून १९९० च्या जूनपर्यंत दर रविवारी सकाळी लागत असे. विचित्रवीर्याच्या राण्यांस व्यासांपासून संतती, कुंतीचे कर्ण आणि पुढे पांडव, पाच भावांत एक द्रौपदी, भर सभेत तिच्या वस्त्रास घातलेला हात. यांतील एकही प्रसंग जर आधुनिक वेषात आला असता तर काकांनी उठून संच बंद केला असता. येथे ते हात जोडून बसत. नियोगाचा प्रसंग आला त्या रविवारी माझ्या सात वर्षांच्या पुतण्याने, म्हणजे काकांच्या नातवाने, विचारले की राणीचा नवरा वारला तर बाळ कसे झाले? सर्वत्र शांतता. आईने मात्र सहजपणे सांगितले की, पूर्वी वंश चालावा म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांच्या संमतीने दुसऱ्या योग्य पुरुषापासून मूल होऊ देत, त्यास नियोग म्हणत, आता तशी चाल नाही. एवढे बोलून ती गवार निवडू लागली. पुतण्याचे समाधान झाले. मला त्या दिवशी वाटले, आणि आजही वाटते, की आमच्या जुन्या बायकांस या विषयाची भाषा अवगत होती. पुराणाची खूण पटली की ती त्यांच्या ओठांवर येई. शाळेत शिकलेल्या आम्हां लोकांपाशीच ती भाषा नव्हती. आमच्या एका चुलत आजोबांच्या ट्रंकेत रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्या'चे अंक सापडले होते. हे मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालले. त्यातील लेखनावरून कर्व्यांवर खटले झाले, आणि त्यांतील १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. आजोबांनी ते अंक वर्षानुवर्षे वाचले असावे, कारण समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. परंतु त्यांतील एकही शब्द ते घरात कोणाशी बोलल्याचे कोणास आठवत नाही. सत्य सांगणारे मासिक, पण वाचणारा एकटा.

१९९२ नंतर खासगी वाहिन्या आल्या आणि २००० च्या जुलैत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू होऊन ती २००८ पर्यंत चालली. तिच्या पाठोपाठ ज्या मालिका आल्या, हिंदीत आणि मराठीतही, त्यांनी भरतमुनींचा नियम अक्षरशः पाळला आणि त्याचा आत्मा घालविला, असे माझे मत आहे. पडद्यावर आलिंगन नाही, चुंबन नाही. नवराबायको रात्री खोलीत शिरतात त्या भरजरी वस्त्रांनिशी, आणि बोलतात ते सासूच्या कारस्थानाविषयी. परंतु या संयमाच्या आडून एक धडा रोज गिरविला जातो: जी चांगली ती कधी काही इच्छित नाही, आणि जी इच्छिते ती वाईट. इच्छा दाखवावयाची झाली म्हणजे निराळी स्त्री आणावी लागते. तिचे कपाळ, तिची पोलकी, तिच्या प्रवेशाचे संगीतसुद्धा निराळे. मराठीत २०१६ साली 'माझ्या नवऱ्याची बायको' आली. त्यात राधिका सात्त्विक आणि शनाया मोहविणारी, आणि मध्ये गुरुनाथ. साऱ्या महाराष्ट्राने राधिकेची बाजू घेतली, ती योग्यच घेतली. पण राधिकेस स्वतःस काय हवे असेल, पत्नी म्हणून तिची काही अभिलाषा असेल की नाही, हा प्रश्न विचारावा असे कोणास वाटलेले मी ऐकले नाही. संस्कृत नायिकेची स्थिती अशी नव्हती. शकुंतला कमळाच्या पानावर स्वतः प्रेमपत्र लिहिते आणि तरीही ती कण्वाची कन्या व भरताची माता म्हणून वंद्य राहते. मुनींनी कृती झाकावयास सांगितली होती, मन नव्हे. आमच्या मालिकांनी कृती झाकली ती झाकलीच, वर मनासही वेश्येचा पोषाख चढविला.

तथापि या प्रकारास केवळ दोष देऊन चालणार नाही. त्याच 'क्योंकि'त पुढे असा भाग आला की नायिका तुलसीचा मुलगा आपल्या पत्नीवर बलात्कार करितो आणि तुलसी सुनेच्या बाजूने उभी राहते. विवाहात बलात्कार असू शकतो, हे वाक्य आमच्या माजघरात प्रथम उच्चारले गेले ते या मालिकेमुळे. कोणत्याही वृत्तपत्रामुळे किंवा व्याख्यानमालेमुळे नव्हे. आपला कायदा अजूनही तेथे पोहोचलेला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या ६३ व्या कलमातही सज्ञान पत्नीच्या बाबतीतील जुना अपवाद कायम आहे. सासूने सुनेची बाजू मुलाविरुद्ध घ्यावी, हे सासवा आणि सुना शेजारी बसून पाहत होत्या. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००१ ते २००३ या काळात गोव्यासह काही राज्यांतील खेड्यांत केबल आल्यावर, नवऱ्याने मारणे योग्य असे म्हणणाऱ्या स्त्रिया कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला आणि संततीही कमी झाली, असे त्यांस आढळले. ज्या मालिकांस आम्ही मागासलेल्या म्हणतो त्याच मालिका तेथे पाहिल्या जात होत्या. तेव्हा यांचा परिणाम सरळ रेषेत मोजता येत नाही हे खरे.

आता ज्या एका दिवसाविषयी लिहावे की न लिहावे असा मला फार दिवस संशय होता त्याविषयी लिहितो. ज्या व्यक्तीची ही गोष्ट आहे तिची अनुज्ञा मी घेतली आहे. तिने हा मजकूर छापण्यापूर्वी वाचला आहे.

२०१२ च्या मे महिन्यात 'सत्यमेव जयते' हा चर्चेचा कार्यक्रम रविवारी सकाळी सुरू झाला. १३ मे रोजी त्याचा दुसरा भाग होता, विषय मुलांवरील लैंगिक अत्याचार. महाभारताचीच ती वेळ, आणि बसलेली मंडळीही जवळजवळ तीच, काका-काकू तेवढे नव्हते. संच बंद करावा असे दोघा-तिघांच्या मनात आले असावे, कारण हालचाल झाली. परंतु रिमोट आईपाशी होता आणि ती हलली नाही. अखेरीस आमिर खानने लहान मुलांना समोर बसवून, शरीराच्या कोणत्या भागांस कोणी हात लावू नये आणि लावल्यास काय करावे, ते अगदी साध्या शब्दांत समजावून दिले. माझ्या सुनेच्या मांडीवर तेव्हा वर्षाची नात होती.

कार्यक्रम संपला. कोणी उठेना. इतक्यात माझ्या धाकट्या भावाची पत्नी दाराजवळून म्हणाली, "मी नऊ वर्षांची होते. कोणाला सांगायचं असतं, ते मला माहीतच नव्हतं."

ती १९९१ साली आमच्या घरी आली. त्या एकवीस वर्षांत ती माझ्यासमोर दोन वाक्ये सलग बोलल्याचे मला स्मरत नाही. वडील दिरासमोर बोलू नये ही तिच्या माहेरची शिस्त. भाऊ उठून ओटीच्या पायरीवर जाऊन बसला. त्यालाही हे प्रथमच कळत होते. आई गुडघ्यांवर हात टेकीत उठली, दाराशी गेली आणि सुनेच्या शेजारी जमिनीवर बसली. तिने काही विचारले नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "कोणीतरी चहा टाका," आणि मग माझ्या पत्नीने चहा टाकला. त्या दिवशी त्याहून अधिक काही घडले नाही. पण पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले कोणाकडे राहावयास जाणार, कोणाबरोबर जाणार, या गोष्टी आमच्या घरात विचारपूर्वक ठरू लागल्या, आणि नातवंडांस समज येताच माझ्या भावजयीनेच त्यांस ते सारे शिकविले. त्याच वर्षी संसदेने बालकांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, तो १४ नोव्हेंबरपासून लागू झाला.

भरतमुनींचे कारण येथे कसे लावावे? बाप, मुलगा, सासू, सून एकत्र बसले होते म्हणूनच तर ते वाक्य उच्चारले गेले. तिने तो कार्यक्रम एकटीने पाहिला असता तर ती एकटीने रडली असती.

दुसरी गोष्ट २०१९ ची. त्या वर्षी 'अग्गंबाई सासूबाई' ही मालिका लागली. विधवा सासूचे दुसरे लग्न तिची सून लावून देते, असे कथानक. माझी धाकटी बहीण २००३ साली, अडतिसाव्या वर्षी, विधवा होऊन आमच्याकडे परतली होती. तिच्या परिचयाचे एक विधुर गृहस्थ साताऱ्यास होते आणि दोघांचे मन आहे हे घरात सर्वांस ठाऊक असून कोणी बोलत नव्हते. मालिका बेताचीच. त्यातील प्रौढ प्रेम इतके निर्मळ की स्वयंपाकाच्या पाककृतींपलीकडे ते फारसे जाईना. परंतु रोज रात्री तोच विषय समोर येऊ लागला तेव्हा धाकटा भाऊ एकदा चिडून म्हणाला, "या वयात हे थेर कशाला? जेवायला दोन वेळचं आहे, दुखलंखुपलं तर आपण आहोत."

आई तेव्हा सत्याऐंशी वर्षांची होती. ती म्हणाली, "अरे, तुमचे वडील गेले तेव्हा मी पंचेचाळीसची होते. तेव्हापासून रात्री कूस बदलली की भिंत. औषधाला तुम्ही आहात रे. भिंतीशी काय बोलायचं?"

माझ्या आईस शृंगार हा शब्द माझ्यासमोर उच्चारिता आला नसता. तो तिने उच्चारिला नाहीच, आणि तरीही त्या वाक्यात जे नव्हते असे मला काही आढळत नाही. बहीण स्वयंपाकघरात निघून गेली. २०२१ च्या फेब्रुवारीत साताऱ्यास नोंदणी पद्धतीने तिचा विवाह झाला. धाकटा भाऊ आला नाही. त्याची पत्नी एकटी एस.टी.ने आली आणि साक्षीदार म्हणून तिने सही केली.

आता माजघरातील संच सायंकाळी बहुधा बंदच असतो. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट इतके स्वस्त झाले की घरात जितकी माणसे तितके पडदे झाले. २०१८ साली सरकारने ८२७ अश्लील संकेतस्थळे बंद करण्याची आज्ञा काढली, परंतु मुले आडवाटा शोधतात हे शिक्षकास कोणी सांगावयास नको. माझा नातू सतरा वर्षांचा आहे. तो काय पाहतो ते मला ठाऊक नाही, आणि ते मला ठाऊक नसणे ही या घरातील नवी गोष्ट आहे. दृश्य काव्य आणि प्रेक्षक एकटा, असा प्रसंग भरतमुनींच्या कल्पनेत नव्हता. कोणी म्हणेल, आठवा सर्गही एकट्यानेच वाचावयाचा ना? होय. परंतु त्या सर्गात पार्वतीची लज्जा आहे, तिचा रुसवा आहे, संध्यासमयाचे वर्णन आहे, महिनेच्या महिने आहेत. वाचणारास तिचे मन कळल्यावाचून पुढे जाता येत नाही. या पडद्यांवर जे मिळते त्यात स्त्रीस मनच नसते, असे माझ्या वैद्यकी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले. नवविवाहित तरुण त्याच्याकडे येतात ते प्रत्यक्ष पत्नी त्या चित्रांसारखी का वागत नाही हे विचारावयास.

माझ्या मुलाचे मत, नातवाचा मोबाईल काढून घ्यावा. सुनेस ते मान्य नाही. तिने निराळाच उपाय काढला आहे. शनिवारी रात्री माजघरातील मोठ्या पडद्यावर ती काही मालिका लावते, हल्लीच्या, मोबाईलवर मिळणाऱ्यांपैकी, आणि दोन्ही मुलांस व आम्हां उभयतांस तेथे बसविते. निवड ती स्वतः आधी पाहून करिते. तरी मधूनमधून असे प्रसंग येतात की जे मुनींच्या यादीत पहिल्या ओळीत बसतील. ती ते पुढे ढकलीत नाही. एकदा चौदा वर्षांच्या नातीने मोठ्याने विचारले, "तिने नाही म्हटलं होतं ना? मग तो थांबला का नाही?" त्यावर नातवाने उत्तर दिले, अडखळत, पण दिले; मग त्या दोघांत पुष्कळ वेळ वाद झाला आणि सून मधूनमधून बोलत राहिली. मला हा उपाय पूर्णपणे पटलेला नाही. काही गोष्टी झाकलेल्याच शोभतात हे माझे मत या वयात बदलेल असे वाटत नाही, आणि मी ते सुनेस सांगितलेही आहे. परंतु मी उठून जात नाही. तसा प्रसंग आला म्हणजे सौभाग्यवती विरजण लावावयास स्वयंपाकघरात जाते, नातू छताच्या तुळया मोजू लागतो, आणि मी चष्मा पुसावयास घेतो. हल्ली शनिवारी माझा चष्मा फार स्वच्छ असतो.